गिरणीतली मुले आणि कायद्याची शीव

कसाऱ्याचा घाट चढून आलेली आगगाडी इगतपुरीस दम घेते आणि पुढल्याच स्टेशनावर घोटी लागते. १८६५ साली थळघाटातील लोहमार्ग पुरा झाला, आणि तेव्हापासून खानदेशातील कापसाचे गठ्ठे घोटीच्या भातखाचरांना वळसा घालून मुंबईच्या गिरण्यांकडे उतरू लागले. त्या मार्गाच्या वरच्या टोकास, जळगाव-धुळ्याकडे, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने उभे राहिले, खालच्या टोकास ताडदेव-परळच्या सूतगिरण्या. आणि दोन्ही टोकांस, यंत्राच्या आसपास, कमी मजुरीवर आणि विनातक्रार राबणारी लहान मुले होती. मधल्या घोटीत ना कापूस होता, ना सूत. येथे पाऊस, भात आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरची बाजारपेठ. तेव्हा कारखान्यातील बालमजुरीच्या इतिहासाशी या गावाचा संबंध तो काय, अशी शंका वाचकास येईल. ती शंका लेखाच्या शेवटापर्यंत त्याने बाळगावी, अशी माझी विनंती आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिली आणि १८५६ साली ताडदेव येथे तिचे चाक फिरू लागले. पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची धुराडी झपाट्याने वाढली, पण त्यांच्या आत काय चालते याची चौकशी करण्याचा अधिकार सरकारातील कोणत्याच अंमलदारास नव्हता. दिवा लागण्याच्या सोयीअभावी गिरणी सूर्योदयास सुरू होई आणि सूर्यास्तास थांबे. अर्थात उन्हाळ्यात कामाचा दिवस लांबे आणि हिवाळ्यात आखडे, आणि दुपारी मिळालीच तर अर्ध्या तासाची उसंत मिळे. मुलांचे काम मुख्यतः सूतखात्यात. भरलेल्या नळ्या चात्यांवरून उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा सांधायचा, यंत्राखाली साचलेला कापसाचा भुगा झाडून काढायचा. हे काम हलके आहे, असे गिरणीमालक सांगत, आणि एका परीने ते खरेही होते, कारण नळी जड नसते. परंतु दिवसाचे बारा-तेरा तास उभ्याने, दमट उकाड्यात आणि कापसाच्या धुळीत केलेल्या हलक्या कामाचे वजन कोणत्या तराजूवर करावे, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

मुंबई इलाख्याच्या कापूस खात्याचे मुख्य निरीक्षक मेजर मूर यांच्या १८७२-७३ च्या अहवालाने हा प्रश्न प्रथम दप्तरी दाखल झाला. तो अहवाल विलायतेस पोहोचल्यावर तेथील कारखाने-निरीक्षक अलेक्झांडर रेडग्रेव्ह यांनी त्याकडे लक्ष वेधले, आणि इंग्लंडातील गिरण्यांतल्या मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या लॉर्ड शॅफ्ट्सबरी यांनी १८७५ साली उमरावांच्या सभेत हिंदुस्थानातील गिरण्यांचा विषय काढला. त्याच साली मुंबईचे कलेक्टर आर्बथ्नॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ नेमले गेले, आणि त्यात खुद्द गिरणीमालकांनाही मानाच्या जागा मिळाल्या. साक्षी झाल्या, जबान्या झाल्या. दिवस लांब आहे, सुटीचा नियम नाही, मुले अगदी कोवळ्या वयात कामावर येतात, या गोष्टी मंडळापुढे निर्विवादपणे आल्या. आणि तरीही बहुमताचा निकाल असा पडला की, कायद्याची गरज नाही. कायदा हवा असे म्हणणारे उरले ते अध्यक्ष आर्बथ्नॉट आणि डॉ. ब्लेनी.

या निकालावर आज हसणे सोपे आहे. पण त्या काळच्या एतद्देशीय मताचा पेच समजून घेतल्याखेरीज पुढची पन्नास वर्षे समजत नाहीत. मँचेस्टर आणि लँकेशायर येथील कापडवाल्यांस मुंबईच्या गिरण्यांची वाढ डोळ्यांत सलत होती, आणि हिंदी मजुरांबद्दल त्यांस एकाएकी जो कळवळा सुटला, त्याच्या मुळाशी स्वतःच्या मालाचा खप होता, हा आरोप निराधार नव्हता. देशी उद्योग नुकता रांगू लागलेला, विलायती मालावरील जकात उठविण्याचा तगादा त्याच सुमारास चाललेला. अशा वेळी कारखान्यांस निर्बंध घालणारा कायदा म्हणजे परक्याने आपल्या हातांत घातलेली बेडी, असे राष्ट्रीय वृत्तीच्या पुष्कळ पत्रांस वाटले. लँकेशायरचा हेतू शुद्ध नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु वकिलाचा हेतू अशुद्ध असला म्हणून अशिलाची कैफियत खोटी ठरत नाही. आणि अशील येथे सात-आठ वर्षांचे पोर होते, ज्याला मँचेस्टर कोठे आहे हेही ठाऊक नव्हते.

ही गोष्ट ज्या मोजक्या एतद्देशीयांस उमगली, त्यांत सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ अग्रगण्य होत. मुंबई कायदेमंडळाचे ते सभासद. १८७८ साली त्यांनी मुले आणि स्त्रिया यांच्या संरक्षणार्थ कायद्याचा मसुदा स्वतः तयार केला आणि तो मंडळात मांडण्याची परवानगी मागितली. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी ती नाकारली. बंगालींनी मग हाच मसुदा विलायतेच्या लोकांपुढे जाईल अशी तजवीज केली. ज्या टोकाकडून दाब आला असता सरकारला हलावे लागे, तेच टोक त्यांनी अचूक धरले, आणि त्याबद्दल आपल्याच वर्गाचा रोष पत्करला. ओव्हल मैदानाच्या कडेस त्यांचा पुतळा आहे. त्याखालून रोज हजारो नोकरदार चर्चगेट स्टेशन गाठतात, आणि हा कोण, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

अखेर हिंदुस्थान सरकारनेच विधेयक हाती घेतले, आणि लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा पंधरावा कायदा मंजूर होऊन त्या सालच्या १ जुलैपासून अंमलात आला. सात वर्षांखालील मुलास कारखान्यात ठेवू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. त्यास रोज तासभर विश्रांती आणि महिन्यास चार सुट्या द्याव्यात. धोक्याच्या यंत्रांस कठडे घालावेत. एवढ्यात त्या कायद्याचे सार आले. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात अक्षर नव्हते, म्हणून मुलाला महिन्यातून चार दिवस सुटी आणि त्याच साच्यावर राबणाऱ्या त्याच्या आईला एकही नाही, असा विपरीत प्रकार झाला. इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्याने गिरणीतल्या मुलास शाळेत धाडण्याची अट घातली होती. ती अट मात्र समुद्र ओलांडून येथे आली नाही.

पण या कायद्यातील सर्वांत बोलकी कलमे मुलांविषयीची नव्हेत. 'कारखाना' कशास म्हणावे, हे सांगणारी होत. यंत्रशक्ती हवी, शंभर माणसे कामावर हवीत, आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ काम चालावयास हवे. कायद्याने अशी आपली शीव आखली, आणि शिवेबाहेर सात वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांचा म्हातारा सारखेच निराधार राहिले. नव्याण्णव माणसे ठेवणारा मालक कायद्यास भीत नव्हता. खानदेशातील बरेचसे जिनिंगचे कारखाने हंगामी, म्हणून मोकळे. १८८४-८५ च्या दुसऱ्या चौकशीमंडळापुढे, ज्याचे अध्यक्ष कलेक्टर मुलॉक होते, या कारखान्यांविषयी जो पुरावा आला, तो वाचून अंगावर काटा येतो: पहाटेच्या काळोखात कामावर आलेल्या बाया रात्री नऊ-दहापर्यंत रेच्यांपाशी बसलेल्या, आणि हंगाम भरात असला म्हणजे रात्र आणि दिवस यांतला भेदच पुसलेला. आईपाशी बसलेल्या मुलास कोणी हजेरीपटावर घेत नसे. हंगाम संपला की कारखाना बंद, आणि तक्रारही बंद.

वयाची भानगड निराळीच. ज्या देशात खेड्यातल्या मुलाच्या जन्माची नोंद नाही, तेथे सात वर्षांचे मूल कोणते आणि सहाचे कोणते, हे ठरवावयाचे कसे? दाखला देणारा डॉक्टर मुलाचे दात पाही, उंची पाही, आणि अदमासाने वय लिही. मुलाची आई, मुकादम आणि मालक या तिघांचेही हित त्या मुलाचे वय वाढवून सांगण्यात गुंतलेले. मुलाच्या बाजूने बोलणारा तेथे कोणीच नसे. विलायतेहून आलेले निरीक्षक मीड-किंग यांनी १८८२ साली मुंबईच्या गिरण्या पाहून हा कायदा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला, परंतु पुढची सुधारणा होण्यास नऊ वर्षे जावी लागली, आणि ती सुधारणा विलायती निरीक्षकाच्या कलमापेक्षा गिरणगावातल्या एका मराठी माणसाच्या खटपटीने जवळ आली.

नारायण मेघाजी लोखंडे हे मांडवीच्या एका गिरणीत कोठीचे काम पाहात असत. जोतीराव फुले यांचे ते सत्यशोधक सहकारी. 'दीनबंधू' पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईहून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज चौकशीमंडळाकडे धाडला. आठवड्याची रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रावर जायबंदी झालेल्यास भरपाई, या त्या अर्जातील मागण्या. मुलांसाठी त्यात वेगळे कलम नाही. याचा दोष लोखंड्यांस देणे अन्यायाचे होईल. सह्या करणाऱ्या हजारो आई-बापांच्या घरातला चौथा-पाचवा घास मुलाच्या मजुरीतून येत होता. मुलाचे काम बंद करा, असे त्यांनी म्हणण्यापूर्वी त्यांच्या स्वतःच्या मजुरीत त्या घासाची सोय झाली पाहिजे होती, आणि हे मर्म लोखंड्यांस त्या काळच्या पुष्कळ परोपकारी साहेबांपेक्षा अधिक नेमके कळले होते.

त्यांच्या गुरूने तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला होता. १८८२ साली हंटर शिक्षणमंडळास दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. कारखान्याच्या कायद्यात मुलाचे बाळपण त्याच बारा वर्षांशी संपत होते. एक वर्ष मागेपुढे असे हे दोन कागद सरकारी दप्तरात पडले. एकाने म्हटले, बारा वर्षांपर्यंत मुलास नऊ तासच राबवा, दुसऱ्याने म्हटले, बारा वर्षांपर्यंत त्यास शाळेत बसवा. सरकारने पहिला कागद कायदा म्हणून छापला. दुसरा कागद अहवालाच्या पुरवणीत गेला.

१८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली, ही त्या काळच्या मानाने असामान्य गोष्ट. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी कबूल केली. त्याच वर्षी बर्लिन येथे युरोपीय राष्ट्रांची कामगारविषयक परिषद झाली आणि हिंदुस्थानात डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवे चौकशीमंडळ बसले, ज्यात सोराबजी बंगाली सभासद होते आणि लोखंडे सहायक सभासद. त्यातून १८९१ चा कायदा निघाला: किमान वय नऊ, बाळपणाची मर्यादा चौदा, मुलांस दिवसाचे सात तास, स्त्रियांस अकरा, सर्वांस आठवड्याची सुटी, आणि कारखाना म्हणजे शंभरऐवजी पन्नास माणसांचा, प्रांतिक सरकारने ठरविल्यास वीसांचाही. शीव बरीच सरकली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात वारले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

यानंतर विजेचा दिवा आला. जो सूर्य आजवर कायद्याविना गिरणी बंद करीत होता, त्याची सत्ता संपली. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या काही गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालल्या. मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील १९०७-०८ च्या मंडळास वय चोरून कामावर ठेवलेली मुले ठिकठिकाणी आढळली, आणि सात तासांची मर्यादा असलेली मुले मोठ्यांबरोबर सरसकट पूर्ण दिवस राबताना दिसली. पुढे असेही उघडकीस आले की, काही मुले दोन नावांचे दोन दाखले काढून सकाळी एका गिरणीत आणि दुपारनंतर दुसरीत काम करीत. अहमदाबादेत या प्रकाराचा विशेष बोलबाला झाला. कायद्याने अर्धा दिवस रिकामा केला, पण त्या रिकाम्या अर्ध्या दिवसात मुलाने कोठे जावे, याचा विचार कोणी केला नव्हता. ते दुसऱ्या गिरणीत गेले.

तो विचार करणारे गोपाळ कृष्ण गोखले होते. १९११ साली ज्या मध्यवर्ती कायदेमंडळाने सूतगिरण्यांतील मुलांचे तास सहावर आणले, वयाचा दाखला सक्तीचा केला आणि हंगामी कारखान्यांनाही कायद्याच्या कक्षेत ओढले, त्याच मंडळात त्याच वर्षी गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक! मुलगे सहा ते दहा वर्षांचे, तेही जेथील स्थानिक संस्था तयार असेल तेथेच. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. माझ्या मते हिंदुस्थानातील बालमजुरीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची तारीख हीच होय, आणि ती कारखान्यांच्या कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतील, कारण वाट आता पडलेली होती. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत नारायण मल्हार जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. तिच्या प्रभावाखाली १९२२ साली किमान वय बारा झाले आणि वीस माणसांचा कारखाना कायद्याखाली आला. १९३४ साली मुलांचे तास पाचांवर आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने वय चौदा केले, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यास माणसांची अट दहांवर आणली, आणि राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलास कारखाना, खाण आणि धोक्याची कामे यांची बंदी केली. मोठ्या सूतगिरणीतले मूल तोवर जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यात कायद्याचा वाटा किती, आणि नव्या यंत्रांस लहान बोटांची गरज उरली नाही याचा किती, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी सोडवावा.

गिरणीतून निघालेले मूल मात्र शाळेतच गेले असे नाही. ते शिवेबाहेर गेले. घोटीहून तासाभराच्या वाटेवरील सिन्नर हे विड्यांचे मोठे केंद्र. १९३८ च्या मुलांच्या रोजगारविषयक कायद्याने विडीच्या कारखान्यात बारा वर्षांखालील मूल ठेवण्यास मनाई केली, पण केवळ स्वतःच्या कुटुंबाच्या साह्याने काम चालत असेल तर ती मनाई लागू नाही, अशी पळवाटही त्यातच ठेवली. म्हणून तंबाखू आणि पाने घरी आली आणि आईच्या सुपाभोवती मुले बसली. कुटुंबाची ही सवलत १९८६ च्या कायद्यात टिकली आणि २०१६ च्या दुरुस्तीतही शाळेच्या वेळेनंतरच्या मदतीच्या रूपाने राहिली. घोटीची भातगिरणी पाच-सात माणसांवर चालते, सुगीनंतर ती भरात येते. कारखान्याच्या माणसांच्या अटीखाली ती सहसा येत नाही. आणि भातगिरणीपर्यंत न पोहोचलेली, डोंगरकपारीतली कातकरी-ठाकरांची वस्ती तर पावसाळा सरला की वीटभट्टीकडे वाट धरते. तेथे तर शीव दृष्टीसही पडत नाही.

याच ठिकाणी एका विसरलेल्या कायद्याची आठवण देणे प्राप्त आहे. व्हिटली यांच्या कामगार आयोगाने १९३१ साली आपल्या अहवालात असे नमूद केले की, काही ठिकाणी आई-बाप उचल घेऊन मुलाचे श्रम गहाण ठेवतात. त्यावरून १९३३ साली मुलांचे श्रम गहाण टाकण्यास बंदी करणारा कायदा झाला: पंधरा वर्षांखालील मुलाच्या श्रमांचा असा करार बेकायदा, आई-बापांस पन्नास रुपयांपर्यंत दंड, आणि कामावर ठेवणाऱ्यास दोनशेंपर्यंत. या एका कायद्यास कारखान्याची भिंत नव्हती, माणसांची संख्या नव्हती, हंगामाची अट नव्हती. आणि म्हणूनच की काय, त्याचा वापर फारसा कोणी केला नाही. कारण ज्यास भिंत नाही, तेथे निरीक्षकाने कोणते दार ठोठवावे?

२०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतील दहा-अकरा वर्षांची एक मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर जी हकीकत बाहेर आली ती अशी की, या वस्तीतील मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबावयास धाडली गेली होती. गुन्हा घोटी पोलीस ठाण्यात नोंदला गेला, आणि लागला तो १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मेजर मूर यांच्या अहवालापासून दीडशे वर्षे होत आली होती.

त्या १९७६ च्या कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी लागते, आणि २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शाळेवर हक्क आहे. पावसाळा सरल्यावर कोणत्या वाडीचे कोणते मूल शाळेत दिसेनासे झाले, हे प्रथम कळते ते शिक्षकाच्या हजेरीपटावरून. कारखाना-निरीक्षकास, तहसीलदारास अथवा पोलिसास ते कळावयास त्या मुलाचे प्रेत यावे लागते. तेव्हा घोटी-इगतपुरीच्या बाजूस जे वाचक शिक्षक असतील, सरपंच असतील, शाळा व्यवस्थापन समितीत असतील, त्यांस एवढीच विनंती की, दसऱ्यानंतर महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे केंद्रप्रमुखाच्या मासिक तक्त्यात 'स्थलांतरित' या एका शब्दाखाली पुरून न टाकता ती प्रांतांच्या कचेरीत दक्षता समितीच्या नावे लेखी द्यावीत आणि त्याची पोच घ्यावी.